भेटीची स्थळे

मोठे शहर पाहावयास जाणाऱ्या मनुष्यापाशी बहुधा दोन याद्या असतात. एक स्थळांची आणि दुसरी माणसांची. पहिली यादी छापील पुस्तकांत मिळते. तीत फरक फारसा पडत नाही, आणि तीतील नावे आपली वाट पाहत जागच्या जागी उभी असतात. दुसरी ज्याची त्यानेच करावी लागते. तीतील पत्ते बदलतात, नावांमागे कधी कधी 'कै.' लागते, आणि जे उरले त्यांची भेट घ्यावयाची म्हणजे आधी त्यांची सवड, मग गाडीची वेळ आणि शेवटी आपला स्वतःचा संकोच, इतके अडथळे ओलांडावे लागतात. म्हणून सामान्य प्रवासी पहिली यादी पुरी करतो व दुसरी 'पुढच्या खेपेस' म्हणून खिशात ठेवतो. ह्या दोन याद्या वस्तुतः एकच आहेत असे कोणी वर्षापूर्वी सांगितले असते, तर आम्ही तो एक शब्दचमत्कार समजून हसलो असतो. गेल्या हिवाळ्यात मुंबईस तीन दिवस काढल्यावर मात्र आमचे मत तसे झाले आहे, आणि ते कसे झाले हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही सांगलीकडील एका कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवितो. आमचे पदवीचे शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १९८८ ते १९९१ ही तीन वर्षे आम्ही गिरगावातील एका चाळीत मावशीच्या बिऱ्हाडी राहत होतो. त्या काळी आमचे चौघांचे एक टोळके होते. त्या मित्रांची नावे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. ते राहतात त्या ठिकाणांवरूनच त्यांस ओळखावे हे बरे, कारण मुंबईत मनुष्याच्या नावाआधी त्याचे स्टेशन विचारतात. गिरगावकर हे मावशीच्या चाळीतले, दोन खोल्या पलीकडचे. बँकेत नोकरी करून ते निवृत्त झाले आणि अद्यापि त्याच खोलीत राहतात. वरळीकर शेअरबाजाराच्या वाटेने गेले, त्यांस ती वाट मानवली, आणि आज ते एकतिसाव्या मजल्यावर राहतात. डोंबिवलीकर सरकारी कचेरीत लागले. एकतीस वर्षे रोज सकाळी डोंबिवलीहून फोर्टात आले आणि रोज संध्याकाळी परत गेले. जाण्यायेण्याचे तीन तास धरून गिरगावकरांनी एकदा बँकेच्या शिस्तीने हिशेब मांडला होता. त्यात हा मनुष्य अहोरात्र मोजल्यास सुमारे तीन वर्षे नुसता लोकलमध्ये उभा होता असे निघाले.

ह्या चौघांत कधी भांडण झाले नाही. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, मोठ्या शहरात स्नेह भांडणाने तुटत नाहीत. कापड जसे घडीवर विरते तसे ते विरतात. एक रविवार मुलाच्या परीक्षेत जातो, दुसरा मेगाब्लॉकमध्ये, तिसरा लग्नात; आणि पाहता पाहता 'एकदा भेटले पाहिजे' हे वाक्य भेटीच्या जागी बसते. मुंबईबाहेर राहणाऱ्या आम्हांसच त्या तिघांचे वर्तमान अधिक ठाऊक असे, कारण ते तिघे आम्हांस निरनिराळे कळवीत व एकमेकांची चौकशी आमच्याकडे करीत.

दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीकरांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग आणि वाचा ह्या दोहोंवर घाला पडला. पाय काठीच्या आधाराने थोडाबहुत परतला. वाचा तितकी परतली नाही. शब्द मनात असतो, ओठांपर्यंत येतो आणि तेथे अडतो. ज्याने आम्हां सर्वांस मुंबई बोलून दाखविली त्याच्याच वाट्यास हे यावे, याहून अधिक त्याविषयी लिहवत नाही. गेल्या खेपेस आम्ही त्यांच्या घरी येत असल्याचे कळविले, तेव्हा दोन दिवसांनी मोबाइलवर एका कागदाचे छायाचित्र आले. डाव्या हाताने, पाटीवर प्रथम गिरविणाऱ्या मुलासारख्या अक्षरांत, त्यावर लिहिले होते : 'घोडा. ससूनचा सज्जा. घुमट (खालून). हत्ती (जोडलेला). तीस पायऱ्या, बसणे. मग डोंबिवली. आधी नको.' आणि तळाशी दोन रेघा ओढलेला एकच शब्द : 'तिघे.'

ह्या यादीत गेटवे ऑफ इंडिया नव्हता, राणीचा कंठहार म्हणतात तो मरीन ड्राइव्ह नव्हता, २००४ पासून जागतिक वारशात गणले जाणारे व्हीटी स्टेशनही नव्हते. त्या स्टेशनावर, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसावर, आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरलो व बाहेर येऊन क्षणभर मागे वळून पाहिले. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने १८७८ साली आरंभिलेली ही इमारत पुरी व्हावयास दहा वर्षे लागली. परंतु तिच्याखालून जाणाऱ्या लाखो लोकांतील किती जणांस मान वर करावयास दहा क्षण मिळत असतील, हा प्रश्नच आहे. आम्हांसही ते फारसे मिळाले नाहीत. गिरगावकर न्यावयास आले होते.

गिरगावकरांची चाळ मार्चअखेर रिकामी व्हावयाची आहे. तेथे उंच इमारत उठावयाची असून बाविसाव्या मजल्यावर त्यांस जागा मिळेल असे कागदोपत्री ठरले आहे. तोपर्यंत ठाण्यास मुलाकडे मुक्काम. सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. गॅलरीच्या कठड्यास टेकून उभे असता आम्ही काही हळहळीचे शब्द काढले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, पहाटे टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाणे सुटणार आहे माझे. त्याचे दुःख तू करू नकोस. तू सांगलीस बंगल्यात राहतोस." पाहुण्याने दुसऱ्याच्या गैरसोयीवर कविता करू नये हा धडा आम्हांस दाराशीच मिळाला, आणि तो यथायोग्य होता. तरीही दुपारी एक पेटी उघडून त्यांनी १९९० सालचे आम्हां चौघांचे एक छायाचित्र काढले, पुष्कळ वेळ हातात धरले, आणि ठाण्यास न्यावयाच्या सामानात न घालता पिशवीत आपल्यापाशी ठेवले, हेही आम्ही पाहिले.

वरळीकरांस त्या दिवशी काम होते. रात्री जेवावयास या, म्हणून त्यांचा निरोप होता. तेव्हा तिघांऐवजी दोघेच निघालो. पूर्वी गिरगावातून कॉलेजापर्यंत आम्ही पायी जात असू, बसचे पैसे वाचवून ते चहात घालीत असू. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेली भुयारी मेट्रो गिरगावाखालून जाते. तिसऱ्या स्टेशनास हुतात्मा चौक येतो. साडेतेहेतीस किलोमीटरांचा हा मार्ग जमिनीच्या पोटातून नेला आहे, आणि त्याची कामगिरी नाकारता येत नाही. एकच उणीव वाटली : चौकात वर येईपर्यंत आपण कोठून आलो हे कळत नाही.

पहिले स्थळ घोडा. ज्यांस त्याची कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. सातवा एडवर्ड युवराज असता मुंबईस येऊन गेला, त्याच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली शहरास दिला. पुतळा काळसर ब्राँझचा. लोकांनी स्वारास बाजूस ठेवून जागेस घोड्याचे नाव दिले. १९६५ साली पुतळा तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. म्हणजे आम्ही कॉलेजात होतो तेव्हा काळ्या घोड्यापाशी घोडा नव्हता. मोटारी उभ्या असत. तरी आम्ही 'घोड्यापाशी भेटू' म्हणत असू आणि न चुकता भेटत असू. डोंबिवलीकर त्यावरून नेहमी म्हणत, की मुंबईत जे नाही तेच पत्ता म्हणून सांगतात : फोर्टात किल्ला नाही, चर्चगेटास गेट नाही, धोबी तलावात तलाव नाही. २०१७ साली तेथे नवा काळा घोडा उभा राहिला; ह्याच्या पाठीवर मात्र कोणी स्वार नाही. आम्ही दोघे त्याच्या चौथऱ्याजवळ उभे राहिलो. नाव आधी आणि वस्तू मागाहून, असा हा प्रकार. वस्तू नाहीशी झाल्यावर नावाने इतकी वर्षे जागा धरून ठेवली, म्हणून वस्तूस परत यावयास ठिकाण उरले. स्नेहाचेही असे होत असेल काय, हा विचार तेव्हा मनात आला, परंतु गिरगावकरांस तो बोलून दाखविला नाही; त्यांनी पुन्हा बंगल्याची आठवण दिली असती.

घोड्यासमोरच डेव्हिड ससून ग्रंथालय. १८७० साली पुऱ्या झालेल्या ह्या इमारतीच्या वरच्या सज्जात लांब हातांच्या आरामखुर्च्या असतात. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात आमच्यापैकी वर्गणी भरून सभासद झालेले एकटे डोंबिवलीकर. बाकीचे तिघे त्यांच्या मागून शिरत असू. तेथे बसून त्यांनी मुंबईची जुनी गॅझेटियरे वाचली. आम्ही बहुधा झोपलो. परवानगी काढून आम्ही वर गेलो. तीच खुर्ची होती की तिची नात, हे सांगता येत नाही. गिरगावकर तीत टेकले, पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागला, आणि पस्तीस वर्षांत मनुष्यस्वभावात पडलेला फरक किती अल्प असतो ते दिसून आले.

तेथून हाकेच्या अंतरावर वस्तुसंग्रहालय. त्याची कोनशिला १९०५ साली बसली, विटेट नावाच्या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यावरून इमारत १९१४ साली उभी राहिली, आणि उभी राहताच पहिल्या महायुद्धात ती लष्करी इस्पितळाच्या कामी लागली. लोकांस तिचे दार १९२२ साली उघडले. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. परंतु 'खालून' ह्या शब्दाचा रोख निराळा होता. घुमटाखाली उभे राहून सभोवार पाहिले म्हणजे कोरीव लाकडी कमानी दिसतात. त्या नाशिकच्या एका वाड्याच्या लिलावात घेतलेल्या आहेत. विजापूरचा घुमट, नाशिकचा वाडा, आराखडा इंग्रजाचा, आणि खाली उभा सांगलीचा मास्तर : बाहेरून आलेल्यांनी मुंबई कशी बनली हे सांगावयास ग्रंथ नको, ती एक जागा पुरे. गिरगावकर वर पाहत पुष्कळ वेळ उभे राहिले. घरापासून पायी पाऊण तासाच्या वाटेवरील ह्या इमारतीत ते बावीस वर्षांनी शिरत होते. "केव्हाही येता येते ना," ते म्हणाले, "म्हणून येणे होत नाही." शहरात राहणाऱ्यांच्या आयुष्यावर इतके नेमके भाष्य आम्ही वाचलेले नाही.

रात्री वरळीकरांकडे गेलो. त्यांनी गाडी पाठविली, दाराशी येऊन मिठी मारली, आणि जेवणात आम्हां प्रत्येकाची विद्यार्थिदशेतील आवड लक्षात ठेवून पदार्थ केलेले होते. त्यांच्या आतिथ्यात काही उणे नव्हते. तरी गोष्टी रंगेनात. खिडकीतून २००९ साली झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दिव्यांनी उजळलेला दिसत होता. आम्ही त्याची स्तुती केली. गिरगावकर गालिच्यावरून जपून चालत होते. यजमान आपल्या घरातील प्रत्येक चांगल्या वस्तूविषयी, ती आपल्याकडे कशी आली हे, जणू काही खुलासा मागितला असावा तसे सांगत होते. मनुष्याच्या घरी गेले म्हणजे तो यजमान होतो आणि आपण पाहुणे होतो. ह्या दोन शब्दांत मित्र हा तिसरा शब्द कोठे तरी हरवतो. हेच गिरगावच्या खोलीत वरळीकर आले असते तर उलट अंगाने झाले असते. घर कितीही मायेचे असो, त्याच्या भिंती त्याच्या धन्याची प्राप्ती बोलून दाखवितातच.

जेवणानंतर आम्ही त्यांस ती यादी दाखविली. त्यांनी मोबाइल हाती घेतला, दोन बोटांनी अक्षरे मोठी केली, आणि ती वाकडी, थांबत थांबत काढलेली अक्षरे ते एकेक करून पाहू लागले. मग सांगितले, की दुखणे कळले तेव्हा आपण लगोलग काही रक्कम पाठविली होती. वहिनींनी आभार मानून ती परत केली. तेव्हापासून डोंबिवलीस जावे कसे हे आपणांस समजले नाही. पैसे घेऊन जाता येत नाही आणि रिकाम्या हाताने जाववत नाही. एवढे बोलून ते उठले व म्हणाले, "उद्या हत्तीपाशी किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भायखळ्यास, राणीच्या बागेच्या दाराशी, वरळीकर आमच्या आधी येऊन उभे होते. १८६२ सालच्या ह्या बागेस आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव आहे, आणि २०१७ पासून येथे पेंग्विन पाहावयास मिळत असल्यामुळे सगळी मुले तिकडे धावतात. हत्तीपाशी कोणी नव्हते. हा दगडी हत्ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मूळचा तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्यास इंग्लंडास नेण्यासाठी उचलू लागले असता तो कोसळला व त्याचे तुकडे झाले. ते तुकडे ह्या बागेत आणून ठेवले, आणि १९१४ साली सांधून हत्ती पुन्हा उभा केला. सांधे आजही दिसतात. लपविण्याचा कोणी यत्न केलेला नाही. वरळीकर त्याच्याभोवती हळूहळू फिरले. "डॉक्टर चांगला भेटला म्हणावयाचा," ते म्हणाले. गिरगावकर म्हणाले, "पन्नास वर्षांनी भेटला." मग थोडे पुढे झाडांत पाहतो तो सातवा एडवर्ड आपल्या काळ्या घोड्यावर बसलेला! खरा घोडा येथेच होता. आदल्या दिवशी न आलेल्या वरळीकरांस घोडा अशा रीतीने आयताच भेटला. तरीही त्यांच्या आग्रहावरून दुपारी आम्ही नवा घोडा, सज्जा आणि घुमट ही तिन्ही स्थळे पुन्हा केली. यादीच्या तळाशी 'तिघे' असे होते, आणि वरळीकर हिशेबाच्या बाबतीत पूर्वीपासून कडक आहेत.

संध्याकाळी पायऱ्या. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय ज्या टाऊन हॉलात आहे तो १८३३ साली पुरा झाला. सोसायटीचे मूळ त्याहून जुने, १८०४ चे. आत नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे, आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय काणे यांच्या अभ्यासाशी ह्या ग्रंथालयाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. परंतु डोंबिवलीकरांची आज्ञा आत जाण्याची नव्हती, बसण्याची होती. रस्त्यापासून उंच खांबांपर्यंत तीस पायऱ्या आहेत, आणि संध्याकाळी त्यांवर कोण बसत नाही? जोडपी बसतात, छायाचित्रे काढणारे बसतात, कचेऱ्या सुटल्यावर गाडीची गर्दी ओसरण्याची वाट पाहणारे बसतात. वरळीकर उतरून गेले आणि खाऱ्या दाण्यांच्या तीन पुड्या घेऊन आले. तेथे तासभर आम्ही जे बोललो त्यात लिहून ठेवण्यासारखे काही नाही. कॉलेजातील एका प्राध्यापकांची नक्कल झाली. ती आता आमचीच नक्कल वाटते असा शेरा गिरगावकरांनी मारला. एका जुन्या पैजेचे दोन रुपये कोणी कोणास द्यावयाचे ह्यावर कडाक्याचा वाद झाला. आदल्या रात्री एकतिसाव्या मजल्यावर जे साधले नाही ते येथे दहाव्या पायरीवर सहज साधले.

ह्याचे कारण शोधू लागलो तेव्हा दृष्टीस पडले ते असे. ह्या शहरातील सार्वजनिक वास्तू पाहता, त्यांतील पुष्कळ एकेकाळी कोणा धनिकाने दिलेल्या आहेत. ससून पितापुत्रांची गोष्ट वर आलीच. विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर, सुमारे २८० फूट उंचीचा, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिला. त्यांनी देणगी दिली ती कापसाच्या भरभराटीत. अमेरिकेतील युद्ध १८६५ साली संपले, भाव कोसळले, आणि ते स्वतः बुडाले. पुढे १८७८ पर्यंत बांधकाम होऊन टॉवर मात्र उभा राहिला. देणाऱ्याची श्रीमंती गेली, दिलेली वस्तू उरली, आणि आज तिच्यावर हक्क कोणाचा म्हणाल, तर ज्याच्या नावावर ह्या शहरात एक खणही नाही त्याचा सर्वांत अधिक. पायरीवर बसलेल्या तिघांत यजमान कोणी नव्हता. एकाची खोली जाणार होती, एकाचा मजला एकतिसावा होता, एक परगावचा होता. परंतु दगड तिघांस सारखाच थंड लागत होता. प्रेक्षणीय स्थळांचा खरा उपयोग पाहण्याचा नसून भेटण्याचा आहे असे आम्ही जे म्हणतो ते एवढ्याचसाठी. जेथे सर्वच पाहुणे असतात तेथे मित्रांस मित्र होता येते. डोंबिवलीकरांनी हे पूर्वीच ओळखले असावे. त्यांनी आम्हांस मुंबई पाहावयास धाडले नव्हते. आपल्या दारी येण्यापूर्वी आम्ही यजमान, पाहुणे, दाते आणि याचक ही सर्व वस्त्रे वाटेत कोठे तरी उतरवून यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

रविवारी डोंबिवलीस निघालो. वरळीकरांनी गाडी काढतो म्हटले, तेव्हा गिरगावकर एवढेच म्हणाले, की तो एकतीस वर्षे ज्या गाडीने गेला तिने आपण एकदा जावे. वरळीकर पंधरा वर्षांनी लोकलमध्ये चढले. तीन माणसांच्या बाकावर चौथ्यास टेकण्यापुरती जागा देणे ही लोकलमधील जुनी रीत आहे. आमच्या बाकावरील चौथी सीट कुर्ल्यापर्यंत रिकामी राहिली, मग एक गृहस्थ तीवर टेकले व आमच्याशी एक अक्षर न बोलता ठाण्यास उतरून गेले.

डोंबिवलीकर पांढरा सदरा घालून खुर्चीत बसून होते. वहिनींनी चहा आणला. आम्ही घोड्यापासून आरंभ केला आणि क्रमाने सर्व सांगितले. ज्याच्या मागोमाग आम्ही ह्याच जागा ऐकत हिंडलो, त्यास त्या सांगण्याचा प्रसंग आला होता. वर्गात इतकी वर्षे उभे राहूनही आमचा आवाज प्रथम थोडा अडखळला. ते डोळे मिटून ऐकत होते. घोडा पन्नास वर्षांनी परत आला असे आम्ही म्हटले, तोच त्यांचा डावा हात वर झाला. पाची बोटे उघडली, मिटली, आणि पुन्हा दोन वर आली. ओठ हालले, पुष्कळ वेळ हालले. कोणी मध्ये बोलले नाही. "बावन्न," ते म्हणाले. शब्द पुरता उमटला होता. १९६५ ते २०१७. हिशेब बरोबर होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

पुढे गिरगावकरांनी ते १९९० सालचे छायाचित्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. वरळीकरांनी खिशातून खाऱ्या दाण्यांची पुडी काढली. पायऱ्यांखालच्याच गाडीवरून ती चौथी पुडी त्यांनी घेतलेली होती व दोन दिवस कोणास सांगितलेली नव्हती. ती परत करण्याचे वहिनींस काही कारण उरले नाही. निघताना वरळीकर दर महिन्यास येण्याचे बोलले. असे संकल्प किती टिकतात हे पन्नाशी उलटलेल्यांस सांगावयास नको. तथापि त्यानंतरच्या दोन महिन्यांत तो टिकला आहे, असे गिरगावकर कळवितात.

वाचकांपैकी कोणी अशा एखाद्या महानगरास जाणार असतील, तर त्यांस आमची सूचना इतकीच, की स्थळांची यादी आपण करू नये. तेथे राहणाऱ्या एखाद्या जुन्या स्नेह्यास ती करावयास सांगावी, आणि त्याने सांगितलेली स्थळे, बनल्यास दुसऱ्या स्नेह्यास बरोबर घेऊन, पाहावी. पुस्तकातील यादीहून ती लहान भरेल; कदाचित तीत एखादा फुटका हत्ती आणि काही पायऱ्या एवढेच असेल. आमच्यापुरती पुढच्या खेपेची यादी डाव्या हाताच्या त्याच अक्षरांत येऊन पोहोचली आहे. तीत पहिले नाव कान्हेरीच्या लेण्यांचे आहे, आणि तळाशी ह्या वेळी 'चौघे' असे लिहिले आहे. कान्हेरीस चढ पुष्कळ आहे. तो काठीने कसा चढावयाचा, ह्याची खटपट सध्या वरळीकर करीत आहेत.